हापसा, रेडिओ, सौर कंदील : दुरुस्ती कोणाच्या हातात?



मिक्सर फिरेनासा झाला, टीव्हीचा आवाज येतो पण चित्र नाही, मोबाइल चार्जच होत नाही, की घरात दोन मतं पडतात. एक जण म्हणतो, "स्क्रू काढून बघू, काय होतंय." दुसरा म्हणतो, "हात लावू नका, मेकॅनिककडं टाका." मग कोणीतरी जिंतूरला जाताना ती वस्तू पिशवीत घालून नेतं. दुकानदार आत बघतो आणि सांगतो, "किट गेलंय," नाहीतर "कार्ड बदलावं लागेल." त्याचा आकडा ऐकला की वाटतं, एवढ्यात थोडे घालून नवीनच येईल. बऱ्याचदा ना नवीन येतं, ना जुनं दुरुस्त होतं. वस्तू माळ्यावर जाऊन बसते.

हे किट किंवा कार्ड म्हणजे सर्किट बोर्ड. हिरव्या किंवा तपकिरी रंगाची पातळ पाटी, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेषा आणि त्या रेषांवर डाग देऊन बसवलेले छोटे छोटे भाग. ते स्वतः दुरुस्त करावं की पैसे देऊन करून घ्यावं, हा प्रश्न नवा वाटतो. पण गावात पहिलं यंत्र आलं त्या दिवसापासून तो आपल्यासोबत आहे. आज त्याचीच हकिगत सांगणार आहे. तिच्यात रेडिओ आहे, हापसा आहे आणि सौर कंदील आहे.

सुरुवात रेडिओपासून करू. आपला परभणी जिल्हा आधी हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी, थोडं आधी, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पश्चिम महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग झाला होता. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. गावोगाव रेडिओ मंच तयार केले. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून झाले. मंचातली माणसं एकत्र बसून ते ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायची. युनेस्को या जागतिक संस्थेची त्याला मदत होती. प्रयोग इतका यशस्वी झाला की १९५९ पासून असे मंच देशभर सुरू करण्यात आले. आज आपण गटात बसून रेडिओ ऐकतो आणि बोलतो, त्याचं मूळ तिथं आहे. फरक एवढाच, की ते मंच मुख्यतः शेतकरी पुरुषांचे होते.

तेव्हाचा रेडिओ व्हॉल्व्हचा होता. काचेच्या नळ्या, त्या तापल्या की मग आवाज. आत पाटी नव्हती. एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंत हातानं वायरी जोडलेल्या असत. ज्या गावात वीज नव्हती तिथं हा रेडिओ मोठ्या बॅटऱ्यांवर चाले. एक बॅटरी नळ्या तापवायला आणि दुसरी, नव्वद व्होल्टच्या आसपासची, आवाज चालवायला. ही बॅटरी गावच्या दुकानात मिळत नसे. ती संपली, की सरकारी माणूस नवी घेऊन येईपर्यंत सारं गाव वाट बघणार. नळी गेली तरी तेच. पुढं देशभर ही योजना पसरली, तेव्हा ठिकठिकाणी हीच रड झाली. कार्यक्रम चालू, ऐकणारे तयार, पण चावडीतला संच मुका. यंत्र गावात आलं होतं. त्याची बॅटरी, त्याचा सुटा भाग आणि त्याची माहिती मात्र तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावाला राहिली होती.

मग ट्रान्झिस्टर आला. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा तयार झाला. व्हॉल्व्हचं काम करणारा, पण बोटाच्या पेराहून लहान. त्याच्या आधीच, १९३६ च्या सुमारास, पॉल आइसलर नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनिअरनं इंग्लंडमध्ये वायरींच्या जाळ्याऐवजी पाटीवर तांब्याच्या रेषा छापून रेडिओ बनवून दाखवला होता. ट्रान्झिस्टर आणि छापील पाटी एकत्र आली, आणि रेडिओ खांद्याला अडकवून रानात नेता येऊ लागला. टॉर्चला घालतो त्याच सेलवर तो चालू लागला. सेल गावच्या किराणा दुकानात मिळत होते. म्हणजे निम्मी दुरुस्ती तिथंच गावात आली.

उरलेली निम्मीही जवळ आली. त्या पाटीवरचे भाग डोळ्यांना दिसण्याएवढे मोठे होते. एखादा पोरगा कुठंतरी काम शिकायचा, आणि सोल्डरची गरम कांडी, थोडं कथील आणि मीटर एवढ्या सामानावर बाजारात टेबल टाकायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग मिळत. रेडिओ जोडायचे तयार संचही मिळत. कॉलेजातली मुलं घरी बसून रेडिओ बनवत. आपल्याकडच्या तालुक्याच्या बाजारात जे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले दिसायचे, त्यांतल्या कितीतरी जणांनी असं टेबलावर बसून, बघून बघून हे काम शिकून घेतलं होतं.

पण त्या टेबलामागं बाई बसलेली दिसत नव्हती. रेडिओ बाई ऐकायची, पुसायची, त्याच्यावर विणलेला रुमाल टाकायची. त्याचं झाकण उघडायचं काम तिचं नव्हतं. शिवणयंत्राला तेल देणारी, सुई-दोरा बसवणारी, पाट्याला टाकी लागली की कामकरणीला बोलावून समोर बसून ते करून घेणारी हीच बाई. यंत्राची भीती तिला कधीच नव्हती. पण तिला विजेचं कोणी शिकवलं नाही.

आता हापशाकडं येऊ. हापशात सर्किट बोर्ड नाही हे खरं. पण दुरुस्ती कोणी करायची, या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशानं हापशावर शिकलं, आणि ते शिकण्यात आपल्या शेजारच्या जालन्याचा वाटा आहे. म्हणून तो इथं हवाच.

दुष्काळाच्या वर्षांत सरकारनं आणि युनिसेफनं गावोगाव बोअर घेतले आणि त्यांवर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे पंप बसवले. ते पंप परदेशातल्या एकेका शेतकरी कुटुंबासाठी काढलेल्या नमुन्यावरचे होते. आपल्याकडं त्यावर अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत लागायचं. ते टिकणार कसे? १९७४ च्या सुमारास तामिळनाडू आणि महाराष्ट्रातल्या पंपांची पाहणी झाली, तेव्हा चारांतले तीन पंप बंद आढळले. बोअरला पाणी होतं, सरकारचे पैसे खर्च झाले होते, आणि बायका घागरी घेऊन पुन्हा जुन्या विहिरीवर चालल्या होत्या.

यावर उपाय कारखान्यातून आला नाही, तो आपल्याच भागातून आला. जालन्याला बोअर घेणाऱ्या मिशनच्या लोकांनी आणि सोलापूरच्या कारागिरांनी पोलादाचे मजबूत पंप बनवले होते. जालना पंप आणि सोलापूर पंप अशी त्यांची नावंच पडली. त्यातल्या सोलापूर पंपाच्या आधारावर सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रूडास ही कंपनी यांनी मिळून इंडिया मार्क टू हा हापसा तयार केला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो कारखान्यात बनू लागला. आज आपल्या गावांत उभा आहे तो बहुतेक हाच.

पण नुसता मजबूत पंप पुरेसा नाही, हे तेव्हाच्या लोकांना कळलं होतं. म्हणून दुरुस्तीच्या तीन पायऱ्या ठरल्या. गावात एक माणूस देखरेखीला. तो नट आवळणार, साखळीला ग्रीस देणार आणि बिघाड कळवणार. तालुक्याला एक मेकॅनिक. आणि जिल्ह्याला गाडी-अवजारांसह एक पथक, मोठ्या कामासाठी. तामिळनाडूत हे आधी सुरू झालं आणि मग इतर राज्यांत गेलं.

तरी एक अडचण राहिलीच. मार्क टू मध्ये आतला चामडी वायसर बदलायचा तर सगळे पाइप बाहेर ओढावे लागतात. त्याला पथकच लागतं. वायसर दोन-चार रुपयांचा असला तरी वाट बघायची आठ-पंधरा दिवस! मग मार्क थ्री काढला. त्याचा पाइप रुंद ठेवला, म्हणजे पाइप न काढता आतला दट्ट्या वरच्या वर ओढून घेता येतो. गावातल्या माणसाला, बाईलाही, हे काम जमावं म्हणून यंत्राचीच रचना बदलली. आणि बायकांनी ते करूनही दाखवलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका पाने घेऊन हापसे दुरुस्त करू लागल्या.

मैत्रिणींनो, हापशाची ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. "स्वतः करायचं की मेकॅनिक बोलवायचा" असे दोनच रस्ते तिच्यात नाहीत. तिथं तिसरा रस्ता निघाला. गावातलीच एक शिकलेली व्यक्ती, तिला नेमून दिलेलं काम, तिच्याजवळ थोडे सुटे भाग, आणि तिच्या आवाक्यापलीकडचं काम असेल तेव्हाच बाहेरचा माणूस.

सर्किट बोर्डालाही हा रस्ता लागू पडतो का? पडतो. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचं गाव आहे. तिथं १९७२ मध्ये बंकर रॉय यांनी एक संस्था सुरू केली, तिला आता बेअरफूट कॉलेज म्हणतात. ज्या गावात वीज नाही तिथल्या बायका तिथं सहा महिने राहतात आणि सौर दिव्यांचे सर्किट बोर्ड जोडायला, तपासायला, दुरुस्त करायला शिकतात. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नाही. २००८ पासून भारत सरकारच्या मदतीनं आफ्रिका आणि इतर देशांतल्या बायका, त्यांतल्या बऱ्याच जणी आज्या, तिथं येऊन शिकल्या. शिकवणारीची भाषा एक, शिकणारीची दुसरी. तरी जमतं.

कसं जमतं, तेही सांगते. बोर्डावर रेझिस्टर नावाचा ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा लांबट भाग असतो. त्याचं माप अक्षरांत लिहिलेलं नसतं, रंगाच्या पट्ट्यांत असतं. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा पुढं किती शून्यं ते सांगतो. पिवळा, जांभळा, तपकिरी असेल तर ४७ वर एक शून्य, म्हणजे ४७० ओहम. सगळ्या जगात हेच रंग. जी बाई नऊवारीच्या काठातला एका धाग्याचा फरक ओळखते, गोधडीचा टाका अंधारात घालते, तिला हे पट्टे वाचायला किती दिवस लागतील?

तिलोनियाची दुसरी गोष्ट पैशाची आहे. दिवे फुकट द्यायचे नाहीत, असं तिथं ठरलं. प्रत्येक घरानं महिन्याला काही रक्कम गावच्या समितीकडं द्यायची. साधारण तेवढी, जेवढी ते आधी रॉकेल, मेणबत्त्या आणि सेलवर घालवत होते. त्यातून दुरुस्ती करणाऱ्या बाईला मानधन द्यायचं आणि सुटे भाग आणायचे. म्हणजे तिची दुरुस्ती फुकटची सेवा ठरली नाही. तिला कामाचे पैसे मिळाले, आणि गावाचे पैसे गावातच राहिले.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक दिवा आहे. पुणे जिल्ह्यात पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून ते दुष्काळी गावात राहायला आले. हातानं काम करत शिकायचं, ही त्यांची पद्धत. त्यांचा अभ्यासक्रम पुढं महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत गेला. त्यात शेती-पशुपालन, वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण आणि घर-आरोग्य अशी कामं मुलगे आणि मुली दोघांनाही करावी लागतात. मुलगी वायरिंग करते, मुलगा स्वयंपाक शिकतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मदतीनं पाबळला फॅब लॅब उभी राहिली. सर्किट बोर्ड स्वतः तयार करता येईल अशी ती कार्यशाळा आहे.

त्यानंतर बायकांचे गट यात आले. मुंबई आयआयटीनं २०१४ पासून शाळकरी मुलांसाठी सौर अभ्यासदिव्यांचा मोठा कार्यक्रम घेतला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा अशा राज्यांत दहा लाख दिवे द्यायचे होते. त्यांनी दिवे कारखान्यातून तयार आणले नाहीत. सुटे भाग तालुक्याला आणले, तिथल्याच लोकांना जोडायला शिकवलं, वाटायला लावलं, आणि दुरुस्तीची केंद्रंही तिथंच उघडली. राजस्थानातल्या डुंगरपूर जिल्ह्यात बचत गटाच्या आदिवासी बायकांनी हे काम इतकं उचललं, की पुढं त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि सौर पॅनेल बनवण्याचा कारखाना सुरू केला. आपल्यासारख्याच बायका. सुरुवात एका दिव्याच्या पाटीवर डाग देण्यापासून.

आता आजकडं येऊ, कारण आज गाडी उलटी फिरते आहे. बोर्डावरचे भाग इतके बारीक झालेत की भिंगाशिवाय दिसत नाहीत. मोबाइल स्क्रूऐवजी गोंदानं चिकटवलेले असतात. कंपनी सुटा भाग देत नाही, पूर्ण कार्ड बदलायला सांगते. बिडाच्या पंपाचीच ही नवी आवृत्ती आहे. यंत्र आपल्याकडं, चावी दुसऱ्याकडं. या तक्रारी देशभरातून आल्या तेव्हा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरातली उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिनं घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं संकेतस्थळही सुरू झालं. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळाली पाहिजे, हा त्यामागचा विचार. मार्क थ्री काढणाऱ्यांनी तो चाळीसेक वर्षांपूर्वी केलाच होता.

मग आपण काय करायचं? हापशाच्या तीन पायऱ्या बोर्डाला लावून बघू.

पहिली पायरी घरातली. प्लग नीट बसला का, वायर उंदरानं कुरतडली का, रिमोटच्या सेलच्या टोकांना गंज चढला का, मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात पिठाची धूळ बसली का, हे बघायला मेकॅनिक लागत नाही. पावसाळ्यात ओल आणि मुंग्या यांनीच निम्मी यंत्रं बिघडल्यासारखी वाटतात. आधी प्लग काढायचा, मग कोरड्या मऊ ब्रशनं साफ करायचं. वस्तू वॉरंटीत असेल तर मात्र उघडायची नाही, पावती शोधायची.

दुसरी पायरी गटातली. सुटलेला डाग पुन्हा देणं, फुगलेला कपॅसिटर बदलणं, एलईडी बल्बमधली पाटी तपासणं, सौर कंदिलाची बॅटरी बदलणं, ही कामं शिकलेल्या बाईला टेबलावर करता येतात. पण शिकून. व्हिडिओ बघून नव्हे. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आरसेटीत, मोबाइल दुरुस्तीसारखं प्रशिक्षण मोफत आणि राहून घेता येतं. आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखीव असतात. गटातून एकीला, किंवा गटातल्या एखादीच्या लेकीला, तिथं पाठवता येईल.

तिसरी पायरी जाणकाराची, आणि तिथं कंजुषी करायची नाही. जुन्या पेटी-टीव्हीच्या आत प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब साठून राहतो. इन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह आणि थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डाचंही तसंच. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. मोटारीच्या स्टार्टरला तीन फेज असतात. आत पाल अडकलेली दिसली तरी ओल्या हातानं, उभ्या पिकाच्या घाईत तो उघडायचा नाही. फुगलेली मोबाइल बॅटरी टोचायची, दाबायची नाही. इथं मेकॅनिकला दिलेले पैसे दुरुस्तीचे तर आहेतच, जिवाचेही आहेत.

आणि हिशोब पूर्ण करायला शिका. मेकॅनिकची मजुरी तेवढी धरू नका. जिंतूरला दोन खेपा, बुडालेली मजुरी आणि वस्तू बंद असताना झालेली ओढाताण, हेही धरा. दुसऱ्या बाजूला, घरी खोलून बिघडवलं तर जाणारी वस्तूही धरा. गटाच्या वहीत एक पान यासाठी ठेवा. वर्षभरात कोणाच्या घरी काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, किती लागले, किती दिवस चाललं, एवढंच लिहा. वर्षाच्या शेवटी ते पानच सांगेल, की गटातल्या एकीला शिकवणं परवडतं की नाही. दहा घरांचे सौर दिवे आणि वीस मोबाइल असतील तर बहुधा परवडेल. दोन टीव्ही आणि एक मिक्सर असेल तर जिंतूरचा मेकॅनिकच बरा. त्यालाही कामापुढं दोन प्रश्न विचारा. "बिघडलेला भाग कोणता, तो दाखवा," आणि "जुना भाग परत द्या." चांगला कारागीर या दोन्हीला रागावत नाही.

१९५६ चे रेडिओ मंच मुख्यतः पुरुषांचे होते आणि चावडीतला संच मुका झाला तर गाव वाट बघत बसायचं. आज मंच आपला आहे, बोलणं आपलं आहे. त्या संचाच्या आत काय आहे, हे माहीत असलेली एक तरी बाई आपल्या गावात असावी. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि त्या वहीतलं पहिलं पान भरून झालं की आम्हाला कळवा.